मागाठाण्याचं शेत

"वर्तमानात जगा" हे वाक्य हल्ली कुठून कुठून येऊन आपल्यावर आदळतं. ऑफिसच्या वेलनेस वीकमधे, कॉफीच्या मगवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या सुप्रभात संदेशात (खाली कमळ आणि उगवता सूर्य हवेतच), आणि दर महिन्याला गुपचूप पैसे कापून घेणाऱ्या ध्यानाच्या अ‍ॅपमधे. काल गेला, उद्या आलेला नाही, हाच क्षण काय तो खरा. तेव्हा श्वासाकडे लक्ष द्या आणि शांत व्हा. ऐकायला झकास आहे. सकाळच्या चर्चगेट फास्टला दारात लटकलेल्या माणसाला हा क्षण सोडून दुसरा कुठलाही क्षण चालेल, ही अडचण आहेच. पण ते असो.

मला ह्या वाक्याचा सल्ला म्हणून जेवढा उपयोग झाला त्यापेक्षा त्याच्या इतिहासाने जास्त करमणूक केली आहे. कारण ह्या विचाराचे दोन मोठे पत्ते आपल्याच उपनगरात आहेत. बोरिवली पूर्वेला नॅशनल पार्कात कान्हेरी, आणि पश्चिमेला खाडी ओलांडली की गोराईचा पॅगोडा. एक साधारण दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला घेतलेलं, दुसरं २००९ साली उघडलेलं. मधे रेल्वेलाईन, हायवे आणि आपण सगळे. दोन्ही ठिकाणी माणसं एकच काम करायला जमली: गप्प बसायचं आणि श्वास येतो-जातो त्याकडे बघायचं.

आता कान्हेरीला आपण सगळेच शाळेच्या सहलीत गेलोय. मोठा चैत्य बघायचा, दोन्ही बाजूंच्या उंच बुद्धमूर्तींसमोर फोटो काढायचा, माकडांपासून डबा वाचवायचा आणि परत. पुढच्या वेळी गेलात तर एक करा. चैत्य सोडून वरच्या पायऱ्या चढा आणि लहान लेण्यांसमोर थांबा. कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी आहेत आणि त्यातली बरीचशी अगदी साधी आहेत. पुढे छोटं अंगण, मग ओसरी, ओसरीत दगडाचा ओटा, आत एखाद-दुसरी खोली. फर्निचर म्हणावं असं काही नाही. आणि अंगणाच्या एका कडेला जमिनीत चौकोनी तोंडाचा एक हौद.

हा हौद म्हणजे पोढी. शब्द लेण्यांतल्या प्राकृत शिलालेखांतलाच आहे आणि लेणी बघत फिरणारी मराठी मंडळी तो आजही तसाच वापरतात. डोंगराच्या उतारावर नीट बघितलं तर खडकात खोदलेल्या पन्हळी दिसतात. पावसाचं पाणी त्यांतून वळवून पोढीत सोडलेलं आहे. आपल्याकडे वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत पडून जातो. (२६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, ते कोण विसरेल!) उरलेले आठ महिने हा काळा बेसॉल्टचा डोंगर कोरडाठाक. पाणी साठवलं नाही तर मार्चमधे तिथे राहता येत नाही. ध्यानबिन दूरच.

म्हणजे बघा, क्षणात राहायला शिकणाऱ्या भिक्खूच्या दाराशी सर्वांत आधी काय खोदलं गेलं, तर पुढच्या उन्हाळ्याची सोय.

ती सोय कोणी केली हेही लिहून ठेवलंय. कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणारी माणसं ओळीने भेटतात. कल्याणची, सोपाऱ्याची, चौलची, नाशिकची. व्यापारी, सोनार, घरातल्या बायका, खुद्द भिक्खुणी. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या एका सोनाराने एक पोढी दान केल्याची नोंद आहे. एवढंच. सामिदत्ताबद्दल इतिहासाला बाकी काही माहीत नाही. तो पाण्याच्या टाकीपुरता शिल्लक आहे. दुसरा लेख जास्त प्रसिद्ध आहे. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे आणि ती क्षत्रपांच्या घरची मुलगी होती हे त्यावरून कळतं. सातवाहन आणि क्षत्रप म्हणजे एकमेकांचे हाडवैरी, त्यामुळे ह्या सोयरिकीवर इतिहासकारांनी पानंच्या पानं लिहिली. पण तो लेख मुळात कशाबद्दल आहे? सातेरक नावाच्या अमात्याने दिलेल्या पाण्याच्या टाकीबद्दल! राजघराण्याचं लग्न आपल्याला कळलं ते टाकीच्या पाटीवरून.

पण माझा सर्वांत आवडता लेख कल्याणच्याच अपरेणुक नावाच्या व्यापाऱ्याचा आहे. यज्ञश्री सातकर्णी राजाचं सोळावं वर्ष, म्हणजे साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा शेवट. अपरेणुकाने एक लेणं आणि एक दालन दिलं. तेवढ्यावर न थांबता त्याने दोनशे कार्षापणांची कायमची ठेव ठेवली आणि वर मंगलठाण गावातलं शेत दिलं. त्यातून भिक्खूंच्या चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, सोळा कार्षापण द्यायचे असं ठरवून टाकलं.

मंगलठाण म्हणजे आपलं मागाठाणे. हो, तेच! बोरिवली पूर्वेचं, आता मेट्रोचं स्टेशन असलेलं. २०२२ साली मेट्रो ७ सुरू झाल्यापासून त्या नावाची घोषणा आपण कानात हेडफोन घालून रोज चुकवतो. अठराशे वर्षांपूर्वी तिथे भातशेती असणार, आणि त्या शेताच्या उत्पन्नावर डोंगरातल्या कोणा भिक्खूचं वस्त्र येत होतं. मागाठाण्यालाही लेणी आहेत, वस्तीने चारी बाजूंनी वेढलेली, पार दुरवस्थेत. तो विषय काढला तर हा लेख भलतीकडेच जाईल.

ह्या कायमच्या ठेवीला तेव्हाचा शब्द आहे 'अक्षयनीवी'. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. आपली फिक्स्ड डिपॉझिटच, फक्त मॅच्युरिटीची तारीख नाही. व्यवहार किती काटेकोर असे हे बघायचं तर थोडं नाशिकला जावं लागतं. तिथल्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवले. दोन हजार महिना एक टक्क्याने, हजार महिना पाऊण टक्क्याने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. हिशोब करून बघा: दोन हजारांवर महिना एक टक्का म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. भागिले वीस, बरोबर बारा. एक कार्षापण इकडचा तिकडे नाही. एक्सेलशिवाय!

गंमत अशी की विनयाच्या नियमांप्रमाणे भिक्खूला सोन्या-रुप्याला हात लावायची मनाई होती. म्हणजे ज्याने उद्याची चिंता करायची नाही असं ठरलेलं, त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी उद्याची, परवाची, आणि 'अक्षय' म्हणजे कधीच न संपणाऱ्या काळाची व्यवस्था लावलेली. काही जण ह्याला ढोंग म्हणतात. मला तसं वाटत नाही. मला तर ह्यात प्रामाणिकपणा दिसतो. मन एका जागी बसवायचं असेल तर पाणी, कापड आणि जेवण हे तीन प्रश्न आधी सुटलेले पाहिजेत, हे त्या लोकांना स्वच्छ माहीत होतं. आणि ते कोणी सोडवले त्यांची नावं त्यांनी दगडात कोरून ठेवली. आजच्या कुठल्या ध्यानाच्या अ‍ॅपवर, तुम्ही डोळे मिटून बसलेले असताना बाळाला कोण सांभाळतंय त्याचं नाव येतं?

भिक्खू आत बसून करत काय होते, हेही थोडं सांगायला हवं. 'आनापानसति' म्हणजे श्वास आत आला, बाहेर गेला, लांब होता, आखूड होता, ह्याचं भान ठेवणं. बुद्धाच्या नावावरच्या जुन्या पाली सुत्तांत ही पद्धत पायरीपायरीने दिली आहे. त्यातला 'सति' शब्द बघा. पाली 'सति' म्हणजे संस्कृत 'स्मृती'. आठवण! ऱ्हाइस डेव्हिड्स नावाच्या इंग्रज विद्वानाने १८८१ साली 'सति'साठी 'माइंडफुलनेस' हा शब्द वापरला, तो रूढ झाला आणि आता जगभर त्याचा बाजार मांडलेला आहे. पण मूळ शब्द स्मृतीचा आहे. आपण काय करायला बसलो होतो हे आठवत राहणं. मन पळालं की आठवायचं आणि परत यायचं. म्हणजे वर्तमानात राहायच्या कलेचं नावच आठवणीवरून पडलंय. काल-उद्या पुसून टाका असं त्यात कुठेही नाही, त्यांच्या मागे धावू नका एवढंच आहे. हा फरक मगवर मावत नाही, हे मान्य.

कान्हेरीचा पसारा पुढे बरीच शतकं टिकला. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, कोकणात शिलाहार राज्य करत असताना, थेट गौड देशाहून म्हणजे बंगालहून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने इथे ध्यानासाठी दालनं बांधवली आणि शंभर द्रम्मांची ठेव ठेवली, भिक्खूंच्या वस्त्रासाठी. पुन्हा तेच: ध्यान म्हटलं की ठेव आलीच. सहा-सातशे वर्षांनी, निराळ्या राजवटीत, निराळ्या चलनात, पण योजना अपरेणुकाचीच. त्यानंतर १००९ आणि १०२१ साली काही पारशी मंडळी इथे येऊन ९० नंबरच्या लेण्यात पहलवी लिपीत आपली नावं आणि तारीख कोरून गेली. पुढे हळूहळू डोंगर सुना झाला. इंग्रजांनी त्याच डोंगररांगेतलं पाणी अडवून १८६०मधे विहार आणि १८७९मधे तुळशी तलाव केले आणि मुंबईला नळाने पाणी मिळालं. डोंगराने पाणी पुरवणं काही सोडलं नाही.

श्वासाकडे बघायची पद्धत मात्र आपल्याकडून गेली, आणि परत आली ती ब्रह्मदेशातून. ही परंपरा तिथे अडीच हजार वर्षं अखंड चालत आली असं शिबिरांत सांगतात. मला विचाराल तर आज आपण ज्याला विपश्यना म्हणतो तिचा इतिहास बराच अलीकडचा आणि बराच जास्त रंजक आहे. १८८५मधे इंग्रजांनी मंडालेचा राजा पदच्युत केला. धर्माला आधार देणारं राज्यच गेलं. आता धम्म बुडणार ही धास्ती तिथल्या भिक्खूंना लागली. लेडी सयाडो (१८४६–१९२३) ह्या मोठ्या पंडित भिक्खूने ठरवलं की फक्त विहारातल्या मंडळींच्या भरवशावर हे टिकणार नाही, ध्यान गृहस्थांनाही शिकवलं पाहिजे. त्यांच्या परंपरेत सया थेजी नावाचा एक शेतकरी आचार्य झाला, आणि त्याच्याकडे शिकले ऊ बा खिन. म्हणजे काय झालं बघा. उद्या काय होईल ह्या भीतीपोटी, आजमधे बसायची विद्या सगळ्यांना खुली झाली.

ऊ बा खिन हे आपल्यासारख्या नोकरदारांचे खास दैवत व्हायला हरकत नाही. १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि ते देशाचे महालेखापाल झाले. सरकारी हिशोबनीस! ऑफिसातल्या लोकांना त्यांनी ऑफिसातच ध्यान शिकवलं, १९५२ला रंगूनमधे केंद्र काढलं, आणि हे सगळं फायली सांभाळून. अर्थसंकल्प आणि ताळेबंद म्हणजे शंभर टक्के काल आणि उद्या. ते करणारा माणूस आज शिकवत होता. मला ह्यात विसंगती दिसत नाही. अपरेणुकाला तर अजिबात दिसली नसती.

त्यांच्याकडे १९५५मधे एक मारवाडी उद्योगपती आला, सत्यनारायण गोयंका. जन्म मंडालेचा, १९२४चा. त्याला मायग्रेनचा भयंकर त्रास होता, औषधांनी हात टेकले होते. डोकं बरं व्हावं म्हणून आलेला माणूस चौदा वर्षं शिकत राहिला. मधे १९६२ला लष्करी उठाव झाला, उद्योगधंदे सरकारजमा झाले, त्यात त्यांचाही धंदा गेला. १९६९मधे भारतात असलेल्या आजारी आईसाठी ते इकडे आले आणि त्या जुलैत मुंबईत पहिलं दहा दिवसांचं शिबिर घेतलं. चौदा जण होते, त्यात आई-वडीलही. १९७६मधे इगतपुरीचं केंद्र सुरू झालं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुमच्या टीममधे एकतरी जण जाऊन आलेला असतो आणि पुढचे तीन महिने तो सगळ्यांना जा म्हणून सांगत सुटतो.

ह्या शिबिरांची व्यवस्था कान्हेरीच्या नजरेने बघा. फी नाही. राहणं-जेवण फुकट, खर्च आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून. दान फक्त त्यांच्याकडूनच घेतात. म्हणजे तुमच्या आजच्या खिचडीचे पैसे आधीच्या कोणीतरी भरलेत आणि तुम्ही पुढच्या कोणाचे तरी भरणार. मोबाईल जमा. बोलणं बंद. पहाटे चारला घंटा वाजवणारा सेवक वेगळा, भाजी चिरणारा वेगळा, तेही बिनपगारी. शिबिरार्थ्याने दहा दिवस एकही निर्णय घ्यायचा नाही. पहिले साडेतीन दिवस नाकाखालच्या एवढ्याशा जागेवर श्वास बघायचा. ही खरी चैन आहे: उद्याचं सगळं दुसऱ्याच्या डोक्यावर आहे. पोढी भरलेली आहे.

गोराईचा पॅगोडा ह्याच परतफेडीच्या भावनेतून उभा राहिला. ब्रह्मदेशाने जपलं, त्याचे आभार म्हणून त्याचा आकार रंगूनच्या श्वेडगॉनसारखा. काम २००० साली सुरू झालं आणि ८ फेब्रुवारी २००९ला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील ह्यांच्या हस्ते उद्घाटन झालं. उंची ३२५ फूट. आत आठ हजार माणसं बसतील असा घुमट आणि मधे एकही खांब नाही, दगड एकमेकांत अडकवून तोललेले. बोरिवलीहून गोराई जेट्टी, मग फेरीबोट. पूर्वी शेजारच्या एस्सेलवर्ल्डला जाणारी पोरं त्याच बाजूला जायची. किंचाळायला एका गेटने, गप्प बसायला दुसऱ्या.

एवढ्या सगळ्यानंतर एक प्रश्न मला सोडत नाही, आणि तो माझा नाही. डॉ. आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म'च्या (१९५७) प्रस्तावनेतच तो विचारून ठेवलाय. बुद्धाने भिक्खू संघ कशासाठी काढला? स्वतःपुरता परिपूर्ण माणूस घडवायला, की लोकांची सेवा करणारा माणूस घडवायला? पहिलं असेल तर असा भिक्खू कितीही पूर्ण झाला तरी धम्माच्या प्रसाराला निरुपयोगी, कारण तो स्वार्थीच राहिला, असा त्यांचा रोख आहे. १९५६च्या दीक्षेनंतर बौद्ध झालेल्या लाखो घरांतून येणारी माणसं आज कान्हेरीलाही जातात आणि गोराईलाही, आणि हा प्रश्न त्यांच्यात अजून वादाचा आहे. विपश्यना म्हणजे आंबेडकरांचा बुद्ध बाजूला ठेवणं आहे, असं ठणकावून सांगणारे आहेत, आणि दोन्ही सोबत चालतं म्हणणारेही.

मला तो प्रश्न आपल्या फ्लॅटच्या आकारात पडतो. दहा दिवस शिबिराला गेलेल्या नवऱ्याच्या घरी दूधवाल्याचा हिशोब कोण ठेवतं, मुलाचा प्रोजेक्ट कोण करतं, सासूबाईंची बीपीची गोळी कोण आठवतं? तो परत येतो शांत, हसरा, थोडासा उपदेशक. ती मात्र दहा दिवस फक्त उद्यात जगलेली असते. तिच्या आठवणीवर त्याचा वर्तमान उभा असतो. वर्तमानात जगणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. त्याला पोढी लागते, आणि ती कोणीतरी खोदतं, एवढंच मला दिसतं. बाईने पुढच्या शिबिराला जायचं आणि ह्याने गोळ्या आठवायच्या, अशी पाळी लागली तर अपरेणुकाच्या हिशोबात ते बसेल असं वाटतं. आमच्या क्षेत्रात ह्याला ऑन-कॉल रोटेशन म्हणतात आणि एकाच माणसाला कायम ऑन-कॉल ठेवलं तर तो राजीनामा देतो.

१९७९मधे अमेरिकेत जॉन कॅबट-झिन ह्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताण कमी करण्याचा कार्यक्रम सुरू केला, दुखण्यांनी जेरीस आलेल्या रुग्णांसाठी. तिथून ध्यान दवाखान्यात गेलं, दवाखान्यातून कंपन्यांत, कंपन्यांतून आपल्या फोनमधे. ह्या प्रवासात रुग्णांचा फायदा झाला हे खरंच आहे. पण वाटेत अक्षयनीवी गळून पडली. कंपनी श्वास बघायला सांगते आणि त्याच रात्री साडेअकराला कॉल लावते. मागाठाण्याचं शेत कोणी देत नाही, फक्त सतरंजी देतात.

वीकांताला कान्हेरीला जाणार असाल तर सकाळी लवकर जा, सोमवारी बंद असतं. पावसाळा नुकताच संपलेला असेल तर उत्तमच. वरच्या लेण्यांपुढच्या पोढ्यांत डोकावून बघा. पन्हळी झिजल्यात, काही पोढ्या पानांनी भरून गेल्यात, पण कित्येकांत अजूनही पाणी असतं.